आमेन म्हटलं की निघायचं

आमच्या चाळीत ज्या आवाजात लोक पाणी गेलं म्हणून ओरडायचे, त्याच आवाजात फिलोमिना टीचर रोज सकाळी देवाशी बोलायच्या. गिरगावात, खोताच्या वाडीची धाकटी बहीण शोभावी अशी त्यांची छोटी वाडी होती आणि आमची चाळ तिच्या पाठीला लागून होती. मध्ये एक भिंत होती, पण तिचा उपयोग मांजरांखेरीज कुणालाच नव्हता. इकडे आई स्तोत्र म्हणायला बसली की तिकडून टीचर सुरू व्हायच्या. मग आईही आवाज चढवायची. बाबा पेपर खाली ठेवून म्हणायचे, "देवाने आधी कुणाचा फोन घ्यायचा?"

टीचर ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे इथल्याच, मुंबईच्या मूळच्या. देवाला त्या 'सायबा' म्हणायच्या आणि त्याच्याशी मराठीतच बोलायच्या. प्रार्थनेत त्या प्रत्येकाचा पूर्ण पत्ता सांगायच्या, तसं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. "सायबा, आपली ती सुमन. डिलाईल रोड, पिठाच्या गिरणीवरची चाळ, दुसरा माळा, कोपऱ्यातली खोली. तिच्या नवऱ्याचा हात परत सुटलाय. त्याला अक्कल दे. घेतली नाय तर पुढचं तुझं तू बघ, मी पण बघते."

एकदा मी न राहवून विचारलं, "टीचर, देवाला पत्ता माहीत नसतो का?"

"त्याला सगळं म्हाईत हाय गो," त्या म्हणाल्या. "पत्ता माझ्यासाठी असतो. जायचं मला असतं ना!"

आणि खरंच त्या जायच्या. आमेन म्हणायचं आणि लगेच पांढरे कॅनव्हासचे बूट पायात चढवायचे, हा नियम. फुलाफुलांचा फ्रॉक, खाली ते बूट आणि गळ्यात शिट्टी. निवृत्त झाल्यावरही शिट्टी गळ्यातून उतरली नाही. आमच्या शाळेत त्या पीटी शिकवायच्या आणि त्यांचा स्वर्गही बहुधा मैदानासारखा, चुन्याच्या रेघा मारलेला असावा. "आमेन म्हणजे संपलं असं नाय," त्या सांगायच्या. "आमेन म्हटलं की निघायचं." सुमनच्या घरीही त्या गेल्या. नवऱ्याच्या समोर बसून चहा प्यायल्या आणि "दर शनिवारी येणार," असं हसत सांगून आल्या. शनिवारमागून शनिवार त्या जात राहिल्या. शेवटी त्या माणसाला शनिवारची भीती इतकी बसली की बाकीचे वारही सुधारले.

त्या काही संत वगैरे नव्हत्या. तापट होत्या, हट्टी होत्या आणि माफी मागणं हा प्रकार त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता. खो-खोच्या सामन्यात त्यांनी एकदा चुकीची शिट्टी मारली. मुलीला बाद दिलं, ती बाद नव्हती, हे अख्ख्या मैदानाने पाहिलं. "चुकलं" म्हणण्याऐवजी टीचरनी सगळा सामना पुन्हा पहिल्यापासून खेळवला. आम्ही अर्धमेल्या झालो, पण त्यांच्या तोंडून तो शब्द काही निघाला नाही.

अन्याय दिसला की मात्र त्यांच्या अंगात यायचं. आम्ही नववीत असताना स्नेहसंमेलनाला लेझीम होतं. माझ्या वर्गातली सुजाता कांबळे लेझमीत सगळ्यांत तरबेज. डिलाईल रोडच्या चाळीतली, बौद्ध कुटुंबातली, सावळीही नाही, चांगली काळी. तालमीच्या वेळी मुख्याध्यापिकाबाई आल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या रांगेत जरा उजळ मुली घ्या. फोटो चांगले येतात." सुजाताला मागे पाठवलं. मी आधीपासूनच मागे होते, कारण माझा ताल आणि माझे पाय यांची ओळख नव्हती. सुजाता लेझीम खाली धरून उभी राहिली. टीचरसुद्धा नुसत्या "बरं बाई" म्हणाल्या, याचंच आम्हाला नवल वाटलं.

संमेलनाच्या दिवशी पाहुणे बसले, हलगी सुरू झाली, उजळ मुलींनी पहिला फेर छान केला. एवढ्यात शिट्टी वाजली. "मागची रांग, पुढे चल!" पुढच्या रांगा दुभंगल्या आणि आम्ही मधून चालत थेट पाहुण्यांच्या नाकासमोर आलो. पुढचं सगळं लेझीम सुजाताने गाजवलं आणि मी तिच्या शेजारी उभं राहून होईल तेवढं बिघडवलं. फोटोत आम्ही दोघीच ठळक आहोत. बाईंनी जाब विचारला तेव्हा टीचर गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "बाई, मी काल प्रार्थना केली. सायबाने सांगितलं, मागच्यांना पुढे घे." आता देवाला मेमो कोण देणार!

तीच सुजाता पुढे परळच्या एका हॉस्पिटलात समाजसेवा विभागात लागली. पेशंटच्या नातेवाइकांची सोय लावणं हे तिचं काम. शाळा सुटली तरी टीचर आणि तिची जोडी सुटली नाही. "टीचर, आम्ही प्रार्थना करत नाही, वंदना घेतो," ती ठणकावून सांगायची. "तू वंदना घे, मी प्रार्थना करते," टीचर म्हणायच्या, "निघायचं मात्र दोघींनी."

एका एप्रिलमध्ये सुजाता तणतणत वाडीत आली. मी तेव्हा टीचरकडे बाटली मसाला, म्हणजे त्यांचा तो बाटल्यांत दाबून भरलेला लाल मसाला, मागायला गेले होते. सुजाताच्या मागे केनियाची एक बाई होती, ग्रेस, आणि तिचं बोट धरून अमानी नावाची तिची आठ वर्षांची मुलगी. अमानीच्या हृदयाचं ऑपरेशन परळला व्हायचं होतं. त्याआधी काही आठवडे औषधं, जरा अंग धरणं, ताप येऊ न देणं, धावपळ न करणं. आणि लॉजवाल्याने त्यांना खोली सोडायला सांगितली होती. बाकीची गिऱ्हाइकं कुरकुर करतात म्हणे.

"फोनवर रूम असते, टीचर," सुजाता म्हणाली. "आम्ही दारात पोचलो की रूम गेलेली असते. या बाईला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. मी तिला सांगितलं, तुझं काही चुकत नाही. मी भाड्याने घर बघत होते तेव्हा माझं आडनाव ऐकून पण रूम अशाच जायच्या."

टीचर उठल्या आणि वरच्या खोलीची किल्ली घेऊन आल्या. "जिना खडा हाय," त्या ग्रेसला म्हणाल्या, "पोरीला मी उचलीन."

वाडीला हे रुचलं नाही. गल्लीतून ग्रेस गेली की एकदोन खिडक्या लागायच्या. पोरं अमानीला बघून माकडाचे आवाज काढायची आणि गॅलरीतली मोठी माणसं त्यावर हसायची. आमच्या चाळीतलीही हसायची, वाडीचंच नाव कशाला घ्या! टीचरचा चुलतभाऊ बेनी एकाच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहायचा. लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारा, जाड मिशांचा, मनाने लोण्यासारखा माणूस. पण 'लोक काय म्हणतील' या रोगाने पुरता पोखरलेला. "फिलू, कोण कुठली माणसं ही," तो म्हणाला. "उद्या पोलीस आला तर?"

"चहा करीन," टीचर म्हणाल्या.

मे महिना आला. मेमध्ये वाडीतल्या क्रुसापुढे रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेवरची सगळ्यांची मिळून प्रार्थना, व्हायची, अजूनही होते. रोज एका घराचा मान. त्या घराने प्रार्थना चालवायची आणि शेवटी उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे काप वाटायचे. चणे उकडायचा तांब्याचा मोठा टोप सगळ्या वाडीचा मिळून एकच. आज ज्याचा मान झाला त्याने टोप घासून दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या घरी न्यायचा, हातात द्यायचा आणि म्हणायचं, "घे, आज तुझा दिवस." टोप दारात ठेवून जायचा नाही, पोरांबरोबर पाठवायचा नाही. भांडण असलं तरी तेवढ्यापुरतं समोर उभं राहावंच लागायचं. म्हाताऱ्या माणसांनी किती डोकं लढवून हा रिवाज पाडला असेल!

बेनीच्या पाठोपाठ टीचरचा मान. आणि टीचरनी जाहीर केलं, "यंदा माझ्या घरचा मान ग्रेस घेणार." ग्रेस हसून मान हलवत होती. ती सगळ्यालाच हसून मान हलवायची, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या दिवशी सकाळी टोप आला नाही. दुपारीही आला नाही. संध्याकाळी क्रुसाभोवती दिवे लागले, माणसं जमली. मीही गेले होते. भक्ती वगैरे काही नाही, चण्यांसाठी. ग्रेस डोक्याला निळा रुमाल बांधून, अमानीला मांडीवर घेऊन पुढे बसली होती. एवढ्यात टीचरनी शिट्टी फुंकली. क्रुसासमोर शिट्टी!

"बेनी, टोप कुठाय?"

"घरात हाय," बेनी खाली बघून म्हणाला. "तुझ्या हातात देतो, फिलू. तिच्या हातात नाय देणार."

म्हटलं तर एवढंच बोलला, पण ऐकणाऱ्याला चटका बसला.

"मग आज रोझरी नाय," टीचर कडाडल्या. "हिच्याशी हात मिळवल्याशिवाय इथे कोणाचीच प्रार्थना होणार नाय. मी होऊ देणार नाय. बेनी, एक पाऊल पुढे!"

साठीच्या माणसाला, नातवंडांसमोर, नववीतल्या पोरीसारखं! बेनीचा चेहरा लालबुंद झाला. तो वळला आणि घरात गेला. मागोमाग निम्मी वाडी उठली. काहीजण टीचरच्या बाजूने ओरडायला लागले, काही विरुद्ध. या गोंधळात ग्रेस अमानीला घेऊन कधी वर गेली, कुणाला कळलंच नाही.

आम्ही वर गेलो तेव्हा ती बॅग भरत होती. ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत सांगते. "आंटी, मला त्या माणसाचा हात नको होता. मला माझ्या मुलीसाठी देवापुढे चार शब्द बोलायचे होते. त्याने ते बोलू दिले नाहीत आणि तुम्हीही नाही. तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही. उद्या आम्ही जातो."

"कुठे जाणार?" सुजाता म्हणाली. "ऑपरेशन आठवड्यावर आलंय. हिला ताप आला तर ते पुढे ढकलतील."

ग्रेस बॅग भरायची थांबली नाही. टीचर दारात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला नाही. आई स्तोत्राच्या मध्येच थांबली. "आज ही गप्प का ग? जरा बघून ये. मला एकटीने म्हणायला कसंतरीच होतंय."

टीचर पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होत्या. "बरी आलीस शैला," त्या म्हणाल्या. "चल बेनीकडे. एकटी गेले तर भांडून येईन."

बेनीने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही.

"सॉरी बोलायला आलेय," टीचर म्हणाल्या.

बेनीने माझ्याकडे पाहिलं. "हिला बरं नाय काय?"

"चार लोकांसमोर तुला पोरासारखा उभा केला. क्रुसासमोर शिट्टी मारली. चुकलं माझं, बेनी."

तो शब्द निघाला! मी दाराची चौकट धरली. बेनीने मिशी चाचपली. मग हळूच म्हणाला, "आणि रूम?"

"रूम तिचीच. सॉरी तुझं, रूम तिची. एकात एक घालू नको."

"लोक काय काय बोलतात, फिलू. मला भीती वाटते."

"तिला कधी काय विचारलंस? पोरीचं नाव तरी?"

"तू विचारलंस तिला, रोझरी घेशील काय म्हणून?"

टीचर म्हणाल्या, "नाय विचारलं."

"मग आपण दोघं सारखेच."

"सारखे अजिबात नाय," टीचर उसळून म्हणाल्या. "तू जास्त वाईट वागलास. पण मी पण वाईटच वागले." आणि त्या हसायला लागल्या. बेनीला हसायचं नव्हतं, पण त्याच्या मिशा हलल्याच. आत जाऊन तो टोप घेऊन आला. रात्रीच चिंचेने घासून ठेवला होता त्याने, लख्ख.

खडा जिना तो टोप पोटाशी धरून चढला. टीचर खालीच थांबल्या. "मी आले तर मधेमधे बोलेन," म्हणाल्या. मला मात्र वर पाठवलं. वर बॅगा दाराशी होत्या. बेनीचं इंग्रजी बँडपुरतंच. "सिस्टर," तो म्हणाला, "धिस इज... टोप."

ग्रेसने टोप घेतला नाही. "काल तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं," ती शांतपणे म्हणाली. "मला मराठी येत नाही, पण ते वाक्य मी पुष्कळ भाषांत ऐकलंय."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर बेनीने हात केला. त्याला कळलं होतं. "येस," तो म्हणाला. "आय सेड. व्हेरी बॅड आय सेड." ग्रेसने त्याला तसंच उभं ठेवलं. मला वाटतं, तेवढा तिचा हक्क होता.

मग अमानी पुढे आली आणि तिने टोपात डोकावून पाहिलं. काहीच नाही बघून ती आईला काहीतरी म्हणाली. ग्रेसला हसू आलं. "यात काय शिजवतात, असं विचारतेय ही."

मी चण्यांचं सांगितलं. ग्रेस विचारात पडली. "आमच्याकडे नुसते चणे नाहीत उकडत, मका आणि कडधान्य एकत्र उकडतात," ती म्हणाली. "मका घातला तर चालेल का, त्यांना विचार." बेनी इतक्या जोरात मान हलवायला लागला की मला विचारावंच लागलं नाही. "मग तो कान तुम्ही धरा," ती त्याला म्हणाली, "भरल्यावर एकटीला उचलणार नाही." टोपाचा एक कान तिने धरला, दुसरा त्याने, आणि दोघं आडवेतिडवे होत तो जिना उतरले.

संध्याकाळी रोझरी झाली. सगळी वाडी आली नाही, खोटं कशाला सांगू? दोन घरांच्या खिडक्या शेवटपर्यंत बंद राहिल्या. पण जे आले त्यांनी जे ऐकलं ते ऐकण्यासारखं होतं. ग्रेसने स्वाहिलीत आणि मग इंग्रजीत प्रार्थना केली. सुजाता शेजारी उभी राहून आम्हाला मराठीत सांगत होती. अमानीसाठी, डॉक्टरांसाठी, टीचरसाठी, बेनीसाठी. शेवटी लॉजवाल्यासाठी: "देवा, त्याच्या दारावर पुन्हा कुणी आलं तर त्याला उघडायची बुद्धी दे. आणि तोपर्यंत त्याला झोप येऊ देऊ नकोस." यावर सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणाली ती सुजाता. नंतर मी चिडवलं तर म्हणाली, "मी वंदनाच घेतली मनात. पण वाक्य पटलं मला."

मका घातलेले चणे कुणीतरी नाक मुरडत घेतले आणि मग परत मागितले. मी दोनदा घेतले. आता केनियावरून अमानी व्हिडिओ कॉल करते तेव्हा आधी बेनीला ट्रंपेट वाजवायला लावते. ऑपरेशन उत्तम झालं, हे यावरून कळेलच.

टीचर गेल्या वर्षी गेल्या, झोपेतच. आजारपण नाही, काही नाही. वाडीच्या त्या बंद खिडक्यांतली माणसंही मातीला आली होती. पण मला त्या आठवतात त्या दोन आठवडे आधीच्या. परळला मी कामासाठी गेले होते. हॉस्पिटलच्या फाटकापाशी हा मोठा आवाज! बघते तर फुटपाथवर टीचर आणि बेनी हातवारे करून भांडत होते. बेनीच्या खांद्यावर कुणाची तरी भलीमोठी बॅग. बाजूला सुजाता आणि तिच्याजवळ सुदानकडची एक उंच तरुण बाई, व्हीलचेअरवर तिचे म्हातारे वडील.

"तुझ्या जिन्यावरून म्हाताऱ्याला चढवणार काय तू?" बेनी ओरडत होता. "माझी खोली खाली हाय, बाथरूम जवळ हाय!"

"तुझ्या ट्रंपेटने मरेल तो! मी म्हटलंय ना सुजाताला आधी!"

"दर वेळी तूच काय म्हणून?"

ती बाई घाबरून एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. वडिलांच्या खांद्यावरचा तिचा हात घट्ट झाला होता. असली भांडणं तिने या शहरात आधी पाहिलेली असणार. शेवटी तिने सुजाताला हळूच विचारलं, "दोघांनाही आम्ही नको आहोत का?"

"नाही," सुजाता म्हणाली. "दोघांनाही तुम्ही हव्या आहात."

बाईला ते पटेना. सुजाताने तेच पुन्हा सावकाश सांगितलं. तेव्हा ती मटकन फुटपाथवरच बसली आणि वडिलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. टॅक्सीवाला मीटर टाकून वाट बघत होता आणि ते दोघं अजून भांडतच होते.